जवळचं सेंटर कुठलं?
दूरशिक्षणातून अकाउंटन्सी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

‘सर, जवळचं सेंटर कुठलं?’ गेल्या दोन महिन्यांत आलेल्या निम्म्याहून जास्त पत्रांत एवढं एकच वाक्य आहे. गाव लिहिलेलं नाही, शिक्षण लिहिलेलं नाही, कोणत्या परीक्षेचं सेंटर तेही नाही. तालुक्याच्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवता शिकवता मी एकवीस वर्षं दूरशिक्षणाच्या अभ्यासकेंद्राचा संयोजक होतो. तेव्हाही खिडकीतून हाच प्रश्न यायचा, आता मोबाइलवर येतो. निवडक पत्रांना इथे उत्तरं देतो. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत, कारण या विषयात गावाला महत्त्व आहे.

बारावी आर्ट्स होऊन पंधरा वर्षं झाली. वय ३४. घर सांभाळून अकाउंट्सची डिग्री घ्यायची आहे. चालेल का? मराठीतून मिळेल का? – बार्शी

चालेल. वयाची अट नाही. मराठीतून बी.कॉम. करायचं तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. ते १९८९ साली स्थापन झालं आणि तुमच्यासारख्यांसाठीच झालं. प्रवेश विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून स्वतःच घ्यायचा असतो. फॉर्म भरताना अभ्यासकेंद्र निवडावं लागतं, ते एखाद्या कॉलेजातच असतं. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून पात्रतेचं पान वाचा आणि त्या कॉलेजात एकदा जाऊन या.

एक सांगतो, कारण आर्ट्सवाल्यांचं घोडं इथेच अडतं. प्रवेशाची वाट न बघता आजच बालभारतीचं अकरावीचं ‘पुस्तपालन आणि लेखाकर्म’ उतरवून घ्या, फुकट मिळतं. रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची नोंद), खतावणी (खात्यागणिक नोंद), तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलकांची जुळणी) या तीन गोष्टी हाताने, वहीत, पट्टीने रेघा मारून करा. घरखर्चाचेच आकडे घ्या. तेरजेच्या दोन बाजू पहिल्यांदा जुळणार नाहीत. फरकाला नऊने भाग गेला तर समजायचं, बहुधा कुठेतरी ५४ चे ४५ लिहिलेत. हे शोधायला मजा वाटली तर पुढे जा. वैताग आला तरी जा, पण मग शिकवणारं कोणीतरी शोधा.

बारावी सायन्स झालेल्याला सीए करता येतं का? – परभणी

येतं. कोणत्याही शाखेची बारावी चालते.

माझं गाव चंदगड तालुक्यात. कोल्हापूरपेक्षा बेळगाव खूप जवळ पडतं. सीए फाउंडेशनला बेळगाव केंद्र घेतलं तर ‘राज्याबाहेरचा’ म्हणून अडचण येईल का?

नाही. सीएची परीक्षा, पहिली पायरी असलेल्या फाउंडेशनसकट, अखिल भारतीय आहे. यादीतलं कुठलंही शहर घ्या, बेळगाव त्या यादीत आहे.

आमच्याकडे एका इन्स्टिट्यूटने नवीन सेंटर काढलं आहे. बाहेरच्या राज्यातल्या विद्यापीठाची बी.कॉम., तिन्ही वर्षं एका वर्षात, परीक्षा इथेच. ३५ हजारांपैकी २० हजार भरले, पावती आहे. विद्यापीठ यूजीसीमान्य आहे, मी स्वतः यादीत नाव बघितलं. तरी घरचे ओरडत आहेत. त्यांना कसं समजावू? – उदगीर

घरच्यांना समजावू नका, त्यांचं ऐका.

या पत्राचं उत्तर लांबणार आहे. अशी पत्रं दर महिन्याला येतात आणि सगळी पैसे भरून झाल्यावर येतात. भरण्याआधी एकानेही विचारलेलं नाही.

‘सेंटर’ हा शब्द आपण तीन जागांना लावतो. पहिली अभ्यासकेंद्र : विद्यापीठाने मान्यता दिलेलं कॉलेज, जिथे रविवारी संपर्कसत्रं होतात आणि गृहपाठ जमा करतात. दुसरी परीक्षाकेंद्र : जिथे बसून पेपर लिहायचा. ते कुठे असेल हे विद्यापीठ ठरवतं, ते अभ्यासकेंद्रातच असेल असं नाही आणि ते हॉल तिकिटावर छापून येतं. तिसरी जागा म्हणजे बसस्टँडसमोरचा गाळा : वर फ्लेक्स, आत एक टेबल, एक प्रिंटर आणि ‘सर आत्ताच बाहेर गेलेत’. या तिसऱ्या जागेला कायद्यात काहीही नाव नाही. तुम्ही पैसे तिथे भरले आहेत.

आता यादीत नाव बघितल्याचं. विद्यापीठ यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, यादीत आहे याचा अर्थ त्याला पदवी देण्याचा अधिकार आहे, एवढाच. दूरस्थ पद्धतीने बी.कॉम. चालवायला वेगळी मान्यता लागते. ती यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण ब्यूरोकडून मिळते, अभ्यासक्रमागणिक मिळते आणि कोणत्या सत्रापासून कोणत्या सत्रापर्यंत हेही त्यात असतं. एकाच विद्यापीठाच्या एम.ए.ला मान्यता आहे आणि बी.कॉम.ला नाही, असं होऊ शकतं. तेव्हा ब्यूरोच्या संकेतस्थळावर तीन गोष्टी जुळवायच्या : विद्यापीठ, अभ्यासक्रम, तुमचं प्रवेशसत्र. दोन जुळून भागत नाही.

त्यात हद्दीचा प्रश्न आहे. राज्याच्या किंवा खासगी विद्यापीठाला दूरस्थ पद्धतीचं अभ्यासकेंद्र स्वतःच्या हद्दीबाहेर काढता येत नाही, आणि फ्रँचायझी देऊन तर कुठेच काढता येत नाही. २०२० च्या यूजीसी विनियमांत हे स्पष्ट आहे. मग बाहेरच्या राज्यातलं विद्यापीठ उदगीरला येतं कसं? ते येतच नाही, त्याच्या नावाची पाटी येते. ‘ऑनलाइन’ पदवीला ही हद्द लागू नसते, आणि एजंट लोक नेमका तिथेच घोळ घालतात : मान्यता ऑनलाइनची दाखवायची आणि प्रवेश ‘डिस्टन्स’ म्हणून द्यायचा. तुमच्या पावतीवर दोन्हींपैकी काय लिहिलंय ते बघा. बहुधा काहीच लिहिलेलं नसेल, ‘अ‍ॅडमिशन फी’ एवढंच असेल.

हे खेळ जुने आहेत. छत्तीसगडमध्ये एका कायद्याच्या आधारे शंभरावर खासगी विद्यापीठं निघाली होती. प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा पायाच काढून घेतला. २०१७ च्या नोव्हेंबरात त्याच न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांच्या दूरस्थ अभियांत्रिकी पदव्या स्थगित केल्या. त्या २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या होत्या. माणसं तोवर नोकरीत स्थिरावली होती आणि त्यांना पुन्हा परीक्षेला बसावं लागलं. पदवी नकली आहे हे प्रवेशाच्या दिवशी कधीच कळत नाही. कळतं ते पडताळणीचं पत्र परत येतं तेव्हा.

‘तिन्ही वर्षं एका वर्षात’ याबद्दल तर बोलूच नये. एक फाइल सांगतो. काही वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्या टेबलासमोर बटणाचं प्लास्टिकचं फोल्डर घेऊन बसली. बँकेत अर्ज करायचा म्हणून गुणपत्रिकेच्या प्रती साक्षांकित करून हव्या होत्या. कागद जाड, होलोग्राम चकचकीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या गुणपत्रिकेत कॉस्ट अकाउंटिंग, तोच विषय, तोच क्रमांक, गुणसुद्धा तेच. मी परीक्षेची तारीख दाखवून विचारलं, या दिवशी पेपर कुठे दिला? ती म्हणाली, ‘त्या दिवशी मी बाळंतपणाला माहेरी होते, सर. पेपर त्यांनीच लिहिले.’ हे तिने इतक्या सरळपणे सांगितलं की मला रागावताही येईना. तिला कोणीतरी पटवून दिलं होतं की दूरशिक्षण म्हणजे असंच असतं. मी सही केली नाही. पुढच्या जूनमध्ये तिने आमच्याकडे प्रथम वर्षाला नाव घातलं.

तुमचं काम आता असं. उरलेले १५ हजार भरू नका. इन्स्टिट्यूटकडे लेखी मागा : विद्यापीठाचं प्रवेशाचं पत्र, नोंदणी क्रमांक, परीक्षाकेंद्राचं नाव आणि शुल्क विद्यापीठाच्या खात्यात गेल्याचा पुरावा. विद्यापीठाच्या कुलसचिवांना थेट ईमेल करून विचारा की या नावाचं केंद्र तुमचं आहे का. दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशाला आता डेब क्रमांक (दूरस्थ शिक्षण ब्यूरोचा) लागतो. आधी एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) क्रमांक, मग हा. तो स्वतःच्या मोबाइलवर, स्वतः काढायचा. ‘आम्ही काढून देतो’ म्हणाले तर समजून घ्या. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर कागद घेऊन वकिलाला भेटा. ग्राहक आयोगात जायचं की पोलिसात, हे ते कागद बघून ठरवतील. मी ठरवू शकत नाही.

टॅलीचा सहा महिन्यांचा डिप्लोमा केला आहे. मी अकाउंटंट झालो का? – मालेगाव

टॅली हे सॉफ्टवेअर आहे. तुम्ही ते चालवायला शिकलात, चांगलं केलंत.

पतसंस्थेत नऊ वर्षं क्लार्क आहे, बी.ए. झालो आहे. जी.डी.सी. अँड ए. करावं म्हणतो, पण संस्थेतले लोक म्हणतात ती परीक्षा बंद झाली, आता सगळं सीएच करतात. खरं काय? – जत

बंद झालेली नाही. ‘लोक म्हणतात’ या खात्यावर विश्वास ठेवू नका, त्या खात्याची तेरीज कधी जुळत नाही.

जी.डी.सी. अँड ए. म्हणजे शासकीय सहकार व लेखा पदविका. ही अस्सल महाराष्ट्राची परीक्षा आहे आणि माझ्या मते सहकारात काम करणाऱ्या पदवीधराला याहून सोयीची दुसरी नाही. ती पुण्याच्या सहकार आयुक्तालयाकडून होते. वर्षातून एकदा, साधारण मे महिन्याच्या शेवटी, तीन दिवस, रोज दोन पेपर. लेखाशास्त्र, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास आणि तत्त्वं, सहकारी संस्थांचं व्यवस्थापन, सहकार व इतर कायदे, सहकारी बँका आणि पतसंस्था. यातलं निम्मं तुम्ही नऊ वर्षं रोज हाताळता आहात, फक्त त्याला पेपरात काय म्हणतात ते माहीत नाही. उत्तरं मराठीत लिहिता येतात. वर्गात बसायची सक्ती नाही. परीक्षा पुणे, कोल्हापूर, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरांत होते आणि केंद्र अर्जातच निवडायचं असतं. जतहून रोज जाऊन-येऊन करू नका. सकाळ-दुपार दोन पेपर, वर मे महिन्याचं ऊन, नंतर एसटी. तीन रात्री कोणाकडे तरी मुक्काम करा.

उपयोग काय? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ मध्ये ‘प्रमाणित लेखापरीक्षक’ म्हणून जो आहे, तो पदवी, ही पदविका आणि लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असलेला माणूस. शासनाच्या नामतालिकेवर (लेखापरीक्षकांच्या यादीवर) नाव आलं की संस्था आपल्या वार्षिक सभेत त्याची नेमणूक करू शकते. सीए तर नामतालिकेवर असतातच, पण म्हणून तुमची जागा गेलेली नाही. मात्र कोणत्या आकाराच्या संस्थेचं काम करता येईल याला मर्यादा आहेत आणि त्या बदलतात. पतसंस्थेतली क्लार्कची नऊ वर्षं ‘लेखापरीक्षणाचा अनुभव’ म्हणून धरतील, असं गृहीत धरू नका. परीक्षेआधीच जिल्हा विशेष लेखापरीक्षकांच्या कार्यालयात जा आणि विचारा. फोनवर नको, जाऊन विचारा.

आणि जाहिरातीवर लक्ष ठेवा. अर्जाची मुदत उन्हाळ्याच्या बरीच आधी संपते. दरवर्षी मे महिन्यात पाच-दहा जण मला विचारतात, ‘सर, फॉर्म कधी सुटणार?’

मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका क्लासच्या जाहिरातीत ‘९ महिन्यांत सीएमए, घरी बसून’ असं आहे. शेजारच्या मुलाला सीएमएला चौथं वर्ष चालू आहे. आमचा मुलगा जास्त हुशार आहे असं नाही. मग हे कसं? – नाशिक

प्रश्न अगदी योग्य. उत्तर असं की सीएमए (खर्च व व्यवस्थापन लेखापाल) दोन आहेत आणि जाहिरातीत कोणतं ते लिहीत नाहीत.

शेजारचा मुलगा करतोय ते भारतीय. कोलकात्याची संस्था, स्थापना १९४४, कायदा १९५९ चा. पूर्वी याला आयसीडब्ल्यूए म्हणायचे, २०१२ मध्ये नाव बदललं. फाउंडेशन, मग इंटरचे आठ पेपर, फायनलचे आठ पेपर. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. भारतात कॉस्ट ऑडिटवर सही यांचीच चालते. जाहिरातीतलं आहे ते अमेरिकी संस्थेचं. दोन भागांची, संगणकावर द्यायची परीक्षा. बहुराष्ट्रीय कंपन्यांत त्याला किंमत आहे, मी त्याला वाईट म्हणत नाही. पण प्रमाणपत्र हातात यायला पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव लागतो. तुमचा मुलगा दुसऱ्या वर्षाला आहे. नऊ महिन्यांत फार तर पेपर होतील. शुल्क डॉलरमध्ये, वर क्लासची फी वेगळी. परीक्षेची केंद्रं मोठ्या शहरांत, तेव्हा ‘घरी बसून’ ही तर थापच.

नाशिक-ओझर भागात भारतीय संस्थेची शाखा आहे. मुलाला घेऊन तिथे जा, मग क्लासमध्ये जा, आणि दोन्हीकडे एकच प्रश्न विचारा : हे झाल्यावर भारतात सही कशावर करता येते?

एसीसीए केलं तर भारतात कंपनीच्या ऑडिटवर सही करता येईल का? – पिंपरी

नाही. एसीसीए ही ब्रिटिश संस्थेची पात्रता आहे. भारतात ती सही आपल्या सीए संस्थेच्या सनदधारक सभासदालाच करता येते.

पोलिओमुळे व्हीलचेअर वापरतो, उजव्या हातातही जोर कमी आहे. सीए फाउंडेशनला बसायचं आहे. साताऱ्यात केंद्र आहे हे कळलं, पण ते कोणत्या मजल्यावर असेल, लेखनिक मिळेल का, वेळ वाढवून मिळेल का? क्लासवाले म्हणतात, ‘तिथे गेल्यावर बघू.’ – कराड

तिथे गेल्यावर काहीही बघायचं नसतं. जे बघायचं ते फॉर्म भरताना.

तुम्ही शहर निवडता, शाळा-कॉलेज निवडत नाही. ते प्रवेशपत्रावर येतं, आणि ते येईपर्यंत मजला कळायला मार्ग नाही. म्हणून अर्जातच दिव्यांग असल्याचं नोंदवा, प्रमाणपत्र जोडा आणि लेखनिक व वाढीव वेळेची परवानगी मागा. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जास्त मिळतात. फाउंडेशनचे पहिले दोन पेपर तीन तासांचे, म्हणजे तुम्हाला चार तास. पेपर दुपारी दोनला सुरू होतो, तेव्हा तुम्ही सहाला सुटाल. परतीची गाडी त्या हिशेबाने ठरवा, जमल्यास त्या रात्री साताऱ्यातच राहा. लेखनिक स्वतःचा नेणार असाल तर त्याचं शिक्षण तुमच्यापेक्षा कमी असावं लागतं. ऐन वेळी चुलतभावाला उभं करू नका. चुलतभाऊ बी.कॉम. असतो आणि सगळं तिथेच अडतं.

उजव्या हाताबद्दल प्रमाणपत्रावर काही नोंद आहे का? नसेल तर आधी जिल्हा शासकीय रुग्णालयात जाऊन ती करून घ्या. पायाच्या प्रमाणपत्रावर हाताची सवलत मागितली की वाद होतो. दिव्यांगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी भरलं तरी लेखनिकाचा हक्क आपोआप जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं आहे. त्यांच्यासमोर लिहिताना हातात पेटके येण्याचा (रायटर्स क्रॅम्प) त्रास असलेला उमेदवार होता. पण तो निकाल केंद्रावर वाचून दाखवायची वेळ येऊ देऊ नका. परवानगीचं पत्र आधी हातात ठेवा.

प्रवेशपत्र आलं की दुसऱ्याच दिवशी ती इमारत बघून या, किंवा कोणाला तरी पाठवा. पायऱ्या किती, स्वच्छतागृह कुठे आणि, हे कोणी बघत नाही म्हणून सांगतो, बाकं कसली आहेत. आपल्या शाळांत बाक आणि डेस्क एकाच लोखंडी सांगाड्याला जोडलेले असतात. त्यात व्हीलचेअर शिरत नाही. आमच्या केंद्रावर एकदा एका मुलाने पहिला पाऊण तास मांडीवर पुठ्ठा ठेवून पेपर लिहिला, कारण सुटं टेबल मुख्याध्यापकांच्या खोलीत होतं आणि किल्ली शिपायाकडे. केंद्रप्रमुख मी होतो. आदल्या दिवशी ते टेबल मी काढून ठेवायला हवं होतं. तुम्ही आदल्या दिवशी सांगाल तर कोणीतरी काढून ठेवेल.

‘घरबसल्या सीए’ असं एक अ‍ॅप आहे. फी ८५ हजार, एकरकमी भरल्यास सूट. भरू का? गावात क्लास नाही. – मंगळवेढा

सूट आहे म्हणून भरू नका. सूट ‘आज रात्री बारापर्यंत’ असेल तर अजिबात नको.

सीएचं अभ्यासाचं साहित्य संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट आहे. संस्थेचे स्वतःचे थेट ऑनलाइन वर्गही फुकट आहेत. क्लास ही सोय आहे, अट नाही. महिनाभर ते वर्ग बघा, एक प्रकरण पूर्ण करा, मग ठरवा. आणि ‘घरबसल्या’ हे फाउंडेशन-इंटरच्या अभ्यासापुरतंच खरं. इंटरचे दोन्ही ग्रुप झाल्यावर आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं प्रत्यक्ष काम, येते. २०२३ च्या नव्या योजनेत ती तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे, पण ती सीएच्या ऑफिसात जाऊनच करावी लागते. आर्टिकलशिपआधीचं प्रशिक्षणही बाहेर जाऊन. पुण्यातच करायला हवी असं नाही. पंढरपूर-सोलापूरच्या सीएकडे कामाची विविधता जास्त बघायला मिळते, असं मला वाटतं. जवळच्या दोन सीएंना आत्ताच भेटून या.

बी.कॉम. ५५ टक्क्यांनी झाला असाल तर फाउंडेशन न देता थेट इंटरला नोंदणी होते, इतर पदवीधरांना ६० टक्के लागतात. हे अ‍ॅपवाले सांगत नाहीत, कारण मग त्यांचं फाउंडेशनचं पॅकेज विकलं जात नाही. तुम्ही तुमचं शिक्षण लिहिलेलं नाही.

मूळ सावंतवाडीचा, नोकरीला मस्कतमध्ये. सीएच्या परीक्षेसाठी दरवेळी सुट्टी काढून यावं लागेल का?

परीक्षेसाठी नाही, मस्कतमध्ये केंद्र आहे. शुल्क वेगळं पडतं. आर्टिकलशिपचं काय, हे मात्र नोंदणीआधी सीए संस्थेच्या तिथल्या चॅप्टरमध्ये, म्हणजे शाखेत, विचारून घ्या. नोकरी आणि आर्टिकलशिप एकत्र चालत नाही.

इग्नूला बी.कॉम.ला प्रवेश घेऊन दोन वर्षं झाली. पुस्तकं आली, पण हॉल तिकीट एकदाही आलं नाही. सेंटरवाले म्हणतात येईल. काय करावं? – गोंदिया

परीक्षेचा फॉर्म भरला होता का? पत्रात कुठे उल्लेख नाही, म्हणजे नसावा.

इग्नूमध्ये, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, प्रवेशशुल्क भरलं म्हणजे परीक्षेला बसलात असं होत नाही. सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात, आणि प्रत्येक वेळी फॉर्म वेगळा, पेपरागणिक शुल्क वेगळं, केंद्र त्यातच निवडायचं. शिवाय गृहपाठ. त्याला साधारण ३० टक्के भार असतो आणि तो वेळेत दिला नाही तर पेपर देऊनही विषय ‘अपूर्ण’ दाखवतो. ‘येईल’ म्हणणाऱ्याने दोन वर्षं काढली आणि तुम्ही काढू दिलीत. नोंदणीची कमाल मुदत असते, ती तुमची अजून शिल्लक आहे, पण हे पत्र लिहिण्याऐवजी तुम्ही नागपूरच्या विभागीय केंद्राला लिहायला हवं होतं. आता लिहा. नोंदणी क्रमांक टाकून, एका ओळीत एक प्रश्न असं. आणि गृहपाठ जमा केल्याची पोच घ्या. पोच नसलेला गृहपाठ लिहिलेलाच नसतो.

दूरशिक्षणाची बी.कॉम. सरकारी नोकरीला चालते का? – हिंगोली

मान्यताप्राप्त असेल तर चालते. नियमित पदवीशी ती समकक्ष असल्याचं यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे. त्या-त्या जाहिरातीतली अट मात्र वाचा.

तुम्हाला एवढा अनुभव आहे, तर तुमच्या ओळखीचं एखादं चांगलं सेंटर थेट सुचवा ना. – गावाचं नाव नाही

सुचवणार नाही. ओळखीचं सेंटर हीच तर या धंद्यातली पहिली पायरी आहे. गाव कळवा, बारावीची शाखा कळवा, पेपर मराठीत लिहिणार की इंग्रजीत ते कळवा आणि रात्रीची मुक्कामी एसटी तुमच्या गावात किती वाजता पोहोचते तेही. मग कोणत्या विभागीय केंद्राला फोन करायचा एवढं सांगेन.